पलीकडे कोण आहे? मेनफ्रेमसाठी टर्मिनल निवडताना

हैदराबादच्या गाडीचं आरक्षण करायचं असलं, की धर्मापुरीचा माणूस परळी वैजनाथचं स्टेशन गाठतो आणि अर्ज भरून खिडकीतून आत सरकवतो. आतला क्लार्क गाडीचा नंबर, तारीख, नावं, वयं टाइप करतो आणि थोड्या वेळात पडद्यावर उत्तर येतं: जागा आहे, किंवा वेटिंग. हे उत्तर परळीत तयार होत नाही. रेल्वेची आरक्षण यंत्रणा दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद या पाच केंद्रांवर उभी राहिली. दक्षिण मध्य रेल्वेचं केंद्र सिकंदराबादला आहे. 'कॉन्सर्ट' नावाची प्रणाली १९९४ मध्ये तिथेच पहिल्यांदा सुरू झाली आणि १९९९ पर्यंत पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. क्लार्कच्या टेबलावर असतं ते दूरच्या संगणकाशी बोलण्याचं साधन. त्यालाच टर्मिनल म्हणतात.

रेल्वेने त्या काळात वापरलेली डिजिटल इक्विपमेंट कंपनीची व्हॅक्स आणि नंतरची अल्फा यंत्रं काटेकोर अर्थाने मेनफ्रेम नव्हेत. पण मांडणी तीच. हिशेब एका मोठ्या यंत्रात होतो आणि शेकडो मैलांवरचे लोक साध्या पडद्यासमोर बसून ते यंत्र एकाच वेळी वापरतात. बँका, विमा कंपन्या आणि विमान कंपन्यांच्या मेनफ्रेमचंही तसंच असतं. पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांमध्ये परदेशी बँकांच्या मेनफ्रेमची देखभाल करणारी मुलं-मुली दिवसभर जो पडदा पाहतात, तो याच कुळातला. फरक एवढाच, की आता टेबलावर वेगळं टर्मिनल नसतं. साध्या पीसीवर एक सॉफ्टवेअर चालतं आणि ते टर्मिनलचं सोंग घेतं. अशा सॉफ्टवेअरला टर्मिनल एम्युलेटर म्हणतात.

ही सॉफ्टवेअरं डझनावारी आहेत. काही फुकट, काही चांगली महाग. त्यातलं कोणतं घ्यावं, हे या प्रकरणात पाहू. पहिला प्रश्न मात्र सॉफ्टवेअरचा नाही, पलीकडच्या यंत्राचा आहे. तिकडे कोणत्या कंपनीचं यंत्र आहे आणि ते टर्मिनलशी कोणत्या पद्धतीने बोलतं, हे कळलं की यादीतली बरीच नावं आपोआप गळतात.

वायरीपासून सॉफ्टवेअरपर्यंत

आयबीएमने १९७१ मध्ये ३२७० ही टर्मिनलची मालिका बाजारात आणली. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, जाडजूड कळफलक आणि मागून निघणारी कोअॅक्सियल केबल. ही केबल थेट मेनफ्रेमला जात नसे. ती आधी कंट्रोलर नावाच्या पेटीत जाई. एका कंट्रोलरला अनेक टर्मिनल जोडलेली असत आणि मेनफ्रेमशी बोलण्याचं काम तो करी.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि मोठ्या कचेऱ्यांतून एकाच टेबलावर दोन पडदे, दोन कळफलक अशी गर्दी झाली. १९८२ मध्ये 'इर्मा' नावाचं कार्ड निघालं. ते पीसीच्या आत बसवायचं, कोअॅक्सियल केबल त्याला जोडायची, की कंट्रोलरला वाटे पलीकडे नेहमीचं टर्मिनलच आहे. पीसीने टर्मिनलचं सोंग घेण्याची प्रथा इथून रुळली. पुढे केबलची जागा नेटवर्कने घेतली. टेलनेट या नेटवर्कवरच्या जुन्या पद्धतीतून ३२७० चा मजकूर पाठवायचे नियम ठरले. त्यांना टीएन३२७० म्हणतात. त्याचं सुधारित रूप, म्हणजे शेवटी 'ई' लावलेलं टीएन३२७०ई, १९९४ मध्ये मांडलं गेलं आणि १९९८ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. ३२७० ची नक्कल करणारी आजची बहुतेक सॉफ्टवेअरं याच नियमांवर चालतात.

महाराष्ट्राची गोष्ट थोडी वेगळ्या वाटेने गेली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये कंट्रोल डेटा कंपनीचा सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, पुढे तिथे डिजिटल कंपनीचं डेक-१० हे यंत्र आलं. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातला गाशा गुंडाळला. टाटांनी बरोज या अमेरिकी कंपनीशी भागीदारी केली आणि १९७७ मध्ये टाटा बरोज ही कंपनी मुंबईत उभी राहिली. आयबीएम परतली ती थेट १९९२ मध्ये, तीही टाटांच्याच भागीदारीत. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या पिढीतले संगणकवाले एकाच प्रकारच्या टर्मिनलवर वाढले नाहीत. कोणी बरोजवर, कोणी डिजिटलवर, तर कोणी परदेशी ग्राहकाच्या आयबीएमवर हात बसवला. या प्रत्येक यंत्राचं टर्मिनल वेगळं, कळफलक वेगळा आणि बोलण्याची रीतही वेगळी. टर्मिनल निवडताना आजही पहिली चूक होते ती इथेच.

दोन पद्धती

टर्मिनलच्या पद्धती मुख्यतः दोन. डिजिटल कंपनीच्या व्हीटी मालिकेची एक. त्यातलं व्हीटी१०० हे १९७८ चं मॉडेल इतकं गाजलं, की आजही लिनक्सची टर्मिनल खिडकी त्याचीच नक्कल करते. या पद्धतीत तुम्ही एक कळ दाबली, की ते अक्षर लगेच दूरच्या यंत्राकडे जातं. बहुतेक वेळा तेच यंत्र ते अक्षर परत पाठवतं आणि तेव्हा कुठे ते पडद्यावर उमटतं.

आयबीएमच्या ३२७० ची पद्धत अगदी उलटी. इथे यंत्र पडदाभर मजकूर एकदम पाठवतं. त्यातली काही जागा बंद असते, तिथे तुम्ही लिहू शकत नाही. काही रकाने मोकळे असतात. तुम्ही मोकळ्या रकान्यांत लिहिता, खोडता, पुन्हा लिहिता, आणि तोवर यंत्राला यातलं काहीच कळत नाही. तहसील कचेरीत अर्ज घरी भरून खिडकीवर एकदम द्यावा, तसा हा प्रकार आहे. एंटर किंवा एखादी फंक्शन कळ दाबली, की बदललेल्या रकान्यांतला मजकूर एका गठ्ठ्याने मेनफ्रेमकडे जातो.

ही पद्धत आली ती काटकसरीतून. मेनफ्रेमला शेकडो टर्मिनल जोडलेली असत. प्रत्येक कळेसरशी यंत्राला हाक बसली, तर त्याचा बराच वेळ नुसतं ऐकण्यातच जाईल. गठ्ठ्याने बोलायचं ठरवल्यावर तेच यंत्र कितीतरी जास्त लोकांना पुरू लागलं.

आकड्यांत पाहिलं तर फरक लगेच ध्यानात येतो. जुन्या साध्या पडद्यावर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरं, म्हणजे १९२० अक्षरं मावतात. ९६०० बिट वेगाच्या मोडेमवरून सेकंदाला सुमारे ९६० अक्षरं येतात. म्हणजे एक पूर्ण पडदा यायला दोन सेकंद. पण त्यातल्या तीन रकान्यांत तुम्ही तीस अक्षरं भरलीत, तर परत जाताना ती तीस अक्षरं आणि थोडी नियंत्रणाची चिन्हं एवढंच जातं.

उपग्रहाची वाट असेल तर हा फरक आणखी जाणवतो. १९८० च्या दशकाच्या शेवटी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने निकनेट उभारलं आणि जिल्ह्याजिल्ह्यातली सरकारी कार्यालयं छोट्या अँटेनांनी उपग्रहावरून जोडली. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली यायला सुमारे पाव सेकंद आणि उत्तर यायला आणखी पाव सेकंद लागतो. अशा वाटेवर अक्षरागणिक बोलणारं टर्मिनल वापरलं, तर रोमन लिपीतल्या 'वैजनाथ' नावाचं प्रत्येक अक्षर अर्धा सेकंद उशिरा पडद्यावर उमटेल आणि टाइप करणाऱ्याच्या नाकी नऊ येतील. गठ्ठ्याने बोलणाऱ्या टर्मिनलवर तो अर्धा सेकंद फक्त एकदाच लागतो. दूरच्या आणि मंद लाइनवर ३२७० का टिकलं, याचं उत्तर यात आहे.

आता मूळ मुद्दा. व्हीटी१०० ची नक्कल करणारं सॉफ्टवेअर कितीही उत्तम असलं, तरी ते आयबीएमच्या मेनफ्रेमचा ३२७० पडदा दाखवू शकत नाही. पुष्कळ विद्यार्थी पुटी नावाचं लोकप्रिय सॉफ्टवेअर घेतात, मेनफ्रेमचा पत्ता टाकतात आणि पडद्यावर कचरा आला किंवा लाइनच तुटली, की बुचकळ्यात पडतात. पुटीत खोट काहीच नाही. ते दुसऱ्या कुळासाठी बनलंय. आयबीएमच्याच एएस/४०० या मध्यम आकाराच्या यंत्राला (१९८८) ५२५० प्रकारचं टर्मिनल लागतं. तेही गठ्ठ्यानेच बोलतं, पण त्याची भाषा ३२७० पेक्षा वेगळी आहे. बरोजच्या वंशातल्या युनिसिस यंत्रांना टी२७ प्रकारचं टर्मिनल लागतं. म्हणून सॉफ्टवेअर शोधण्याआधी कचेरीतल्या माणसाला तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: पलीकडे कोणतं यंत्र, कोणतं टर्मिनल, कोणता पत्ता आणि पोर्ट.

कळफलकाची परीक्षा

पलीकडे आयबीएमची मेनफ्रेम आहे असं धरून पुढे जाऊ. ३२७० ची नक्कल करणारी बरीच सॉफ्टवेअरं पडद्यावर जवळपास सारखीच दिसतात. खरा फरक बोटांखाली कळतो.

जुन्या ३२७० कळफलकावर एंटरची कळ आजच्या उजव्या कंट्रोलच्या जागी होती. आजच्या पीसीवर जिथे एंटर आहे, तिथली कळ फक्त कर्सर पुढच्या ओळीच्या रकान्यात नेई. म्हणून अनेक एम्युलेटरांत आजही उजवा कंट्रोल म्हणजे एंटर आणि मोठी एंटर म्हणजे नवी ओळ, अशी मांडणी असते. जुन्या लोकांचा हात त्यावरच बसलेला आहे. नव्या मुलाला मात्र एंटर दाबूनही काहीच का होत नाही, हे कळत नाही. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ही मांडणी बदलता येते आणि बदललेली मांडणी एका फाइलमध्ये ठेवून दुसऱ्या पीसीवर नेता येते. निवड करताना ही सोय तपासलीच पाहिजे.

३२७० च्या अनेक कळफलकांवर २४ फंक्शन कळा होत्या, पीसीवर १२ आहेत. म्हणून शिफ्टसह एफ१ म्हणजे तेरावी कळ, असा हिशेब बहुतेक ठिकाणी असतो. मेनफ्रेमवर काम करणाऱ्याची बोटं दिवसभर एफ३ वर (मागे जा), एफ७ वर (वर) आणि एफ८ वर (खाली) फिरत असतात. शिवाय पीए१, क्लिअर आणि रीसेट या तीन कळा पीसीच्या कळफलकावर नसतातच. सॉफ्टवेअरने त्या कुठे ठेवल्या आहेत, हे पहिल्याच दिवशी शोधून ठेवावं.

रीसेट का लागते, ते पाहू. तुम्ही चुकून बंद जागेत अक्षर टाइप केलं, की पडद्याच्या अगदी तळाच्या ओळीत एक 'एक्स' दिसतो आणि कळफलक कुलूपबंद होतो. मग काहीही दाबलं तरी उपयोग नाही. नवखा माणूस संगणक अडकला असं समजून खिडकी बंद करतो आणि तासाभराचं काम घालवून बसतो. रीसेट दाबली की कुलूप निघतं, बस्स. तळाच्या ओळीत एक्सपुढे 'सिस्टीम' असं लिहिलेलं असेल, तर मात्र मेनफ्रेम विचार करत आहे आणि तेव्हा थांबण्यातच शहाणपण आहे. काही स्वस्त सॉफ्टवेअरांत ही तळाची ओळ नीट दिसत नाही किंवा बंद करून ठेवलेली असते. असं सॉफ्टवेअर घेऊ नये. मेनफ्रेमची नाडी तिथेच कळते.

पडद्याचा आकारही निवडता आला पाहिजे. मॉडेल २ म्हणजे २४ ओळी आणि ८० स्तंभ. जुने प्रोग्राम याच मापाने लिहिलेले आहेत. मॉडेल ५ मध्ये २७ ओळी आणि १३२ स्तंभ मिळतात. छापील अहवालांच्या रुंद ओळी वाचायला हाच आकार बरा पडतो, नाहीतर उजवीकडे-डावीकडे सरकतच दिवस जातो. अक्षराचं वळणही पाहून घ्या. शून्य आणि ओ, एक आणि एल वेगळे दिसले पाहिजेत. खातेक्रमांक वाचताना इथे गफलत झाली, तर ती महागात पडते.

अक्षरांचा घोळ

पीसीत अक्षरं आस्की या संकेताने साठवली जातात, आयबीएमच्या मेनफ्रेमवर एबीसीडिक या वेगळ्या संकेताने. आस्कीत इंग्रजी मोठ्या ए चा क्रमांक ६५, एबीसीडिकमध्ये १९३. टर्मिनलचं सॉफ्टवेअर हे भाषांतर क्षणोक्षणी करत असतं. अडचण अशी, की एबीसीडिकच्याही अनेक आवृत्त्या आहेत. त्यांना कोड पेज म्हणतात. ०३७, ५०० आणि १०४७ ही नेहमी भेटणारी तीन. अक्षरं आणि अंक तिघांत सारखेच आहेत, पण चौकटी कंसांसारखी चिन्हं तिघांत तीन वेगळ्या जागी बसतात.

परिणाम असा, की कोड पेज चुकीचं निवडलं तरी बाकी सगळं ठाकठीक दिसतं. नाव बरोबर, रक्कम बरोबर. मग एखाद्या दिवशी सी भाषेतला प्रोग्राम लिहिताना चौकटी कंसाच्या जागी भलतंच चिन्ह जातं, आणि कंपायलर अशा ओळीवर चूक दाखवतो जिथे डोळ्याला काहीच चूक दिसत नाही. म्हणून नवं सॉफ्टवेअर जोडलं, की पहिल्याच दिवशी एका रिकाम्या फाइलमध्ये सगळी चिन्हं टाइप करून ठेवावीत आणि ती मेनफ्रेमवर जुन्या, खात्रीच्या टर्मिनलवरून उघडून पाहावीत. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचे पाच दिवस वाचतात.

मराठीचं काय? देवनागरीसाठी आयबीएमचं स्वतंत्र एबीसीडिक कोड पेज आहे, क्रमांक ११३७. पण ३२७० चा पडदा एका चौकोनात एक अक्षर या हिशेबाने आखलेला आहे, आणि जोडाक्षरं, वेलांट्या, रफार त्या चौकोनात सुखाने राहत नाहीत. व्हीटी कुळात मात्र महाराष्ट्रात एक मोलाचं काम झालं. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं, भारतीय लिपींसाठीचं जिस्ट तंत्र पुढे नेलं, आणि त्यावर पीसीत बसवायचं कार्ड आणि भारतीय लिपी दाखवणारं टर्मिनलही बनवलं. १९९१ मध्ये प्रमाण ठरलेल्या इस्की संकेतात खालची १२८ ठिकाणं आस्कीसाठीच राखून वरच्या ठिकाणी भारतीय अक्षरं बसवली होती. त्यामुळे इंग्रजीसाठी बनलेल्या लाइनवरूनही देवनागरी मजकूर जाऊ शकला. आज तुम्हाला मराठी नावं हाताळायची असतील, तर टर्मिनलच्या जाहिरातीवर विसंबू नका. 'ज्ञानेश्वर', 'कृष्णा', 'दऱ्या' असे शब्द लिहून, साठवून आणि पुन्हा उघडून बघा.

कुलूप, फाइल आणि पैसा

साधं टेलनेट पोर्ट २३ वरून मजकूर उघडाच पाठवतं. ३२७० च्या पडद्यावर पासवर्डचा रकाना काळा राहतो, टाइप केलेलं दिसत नाही. म्हणून लोकांना वाटतं पासवर्ड सुरक्षित आहे. तो फक्त डोळ्यांपासून लपलेला असतो. तारेवरून तो एबीसीडिकमध्ये जसाच्या तसा जातो, आणि एबीसीडिक म्हणजे काही गुप्त लिपी नव्हे; कोणीही क्षणात उलगडू शकतं. म्हणून टीएलएस या पद्धतीने मजकूर कुलूपबंद करून पाठवणारं, आणि पलीकडच्या यंत्राचं प्रमाणपत्र तपासणारं सॉफ्टवेअरच घ्यावं. प्रमाणपत्राची सूचना आली की 'ठीक आहे' दाबून पुढे जायची सवय लागू देऊ नये.

फाइली आणण्या-नेण्यासाठी आयबीएमची 'इंड-फाइल' नावाची जुनी सोय बहुतेक ३२७० सॉफ्टवेअरांत असते. व्हीटी कुळात हेच काम कर्मिट करत आलं. कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये ते जन्मलं, कारण विद्यार्थ्यांना आपल्या फाइली विद्यापीठाच्या मोठ्या यंत्रांतून छोट्या संगणकात न्यायच्या होत्या. लाइन वाईट असली तरी फाइल नीट पोचावी, यावर त्याचा सगळा भर होता. फाइल नेताना एक प्रश्न नेहमी विचारावा: हा मजकूर आहे की आकड्यांची बायनरी फाइल? मजकुराचं भाषांतर व्हायला हवं. बायनरी फाइलचं भाषांतर झालं, तर तिची वाट लागलीच समजा.

कचेरीत छपाई लागत असेल, तर टीएन३२७०ई हवंच. त्यात टर्मिनलला ठरावीक नाव मागता येतं आणि मेनफ्रेमचा छापील मजकूर थेट पीसीच्या प्रिंटरवर उतरतो. जुनं टीएन३२७० हे करू शकत नाही.

पडद्यावरचं तेच ते काम आपोआप व्हावं म्हणून मॅक्रो लिहिण्याची सोयही बहुतेकांत असते. मोठ्या कंपन्यांत जुने मॅक्रो वर्षानुवर्षं चालतात, आणि सॉफ्टवेअर बदलताना सर्वांत मोठा खर्च परवान्याचा नसून हे मॅक्रो नव्याने लिहिण्याचा असतो. त्यात एक वाईट खोड असते. लोक लॉगिनच्या मॅक्रोमध्येच पासवर्ड लिहून ठेवतात. मग ती फाइल एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि कुलपाचा उपयोग राहत नाही.

आता नावं. विकत मिळणाऱ्यांत आयबीएमचं पर्सनल कम्युनिकेशन्स, रिफ्लेक्शन, ब्लूझोन आणि एचसीएलचं झेड अँड आय एम्युलेटर ही मोठ्या कंपन्यांत दिसणारी. यांत आधाराला माणूस मिळतो, हजार पीसींवर एकसारखी मांडणी लादता येते आणि सुरक्षेचे नियम एका जागेवरून बदलता येतात. फुकटात एक्स३२७० हे कुटुंब उत्तम आहे. विंडोजसाठी, लिनक्ससाठी, नुसत्या टर्मिनल खिडकीसाठी आणि स्क्रिप्टमधून चालवण्यासाठी अशी त्याची वेगवेगळी रूपं आहेत. त्याचा मूळ कोडही उघडा आहे. अनुभवी माणसाने ते सरसकट नाकारावं असं त्यात काही नाही.

धर्मापुरीत बसून

केदारेश्वराचं मंदिर आणि किल्ला यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या धर्मापुरीसारख्या गावात राहून मेनफ्रेम शिकता येईल का? येतं. त्यासाठी पुण्याच्या महागड्या क्लासची फी भरायलाच हवी असं नाही.

रॉजर बाउलर यांनी सुरू केलेला हर्क्युलिस नावाचा मुक्त प्रोग्राम १९९९ पासून उपलब्ध आहे. तो साध्या पीसीवर आयबीएम मेनफ्रेमच्या हार्डवेअरची नक्कल करतो. त्यावर आयबीएमची एमव्हीएस ३.८ ही १९८१ च्या आसपासची कार्यप्रणाली चालते. कोणाला मांडणी करण्याचा त्रास नको म्हणून जाणकारांनी तिचे तयार संच बनवून ठेवले आहेत. जुना लॅपटॉपही यासाठी पुरे. आजची झेड/ओएस मात्र घरी अशी चालवणं परवान्यात बसत नाही, हे लक्षात ठेवावं.

हर्क्युलिस सुरू करायचं, दुसऱ्या खिडकीत एक्स३२७० उघडायचं, आणि पत्ता म्हणून स्वतःच्याच यंत्राचा १२७.०.०.१, पोर्ट ३२७० द्यायचं. नेटची गरज फक्त हे सारं उतरवून घेताना. नंतर लाइट गेली आणि टॉवर बंद पडला, तरी बॅटरी असेपर्यंत तुमची मेनफ्रेम चालू राहते. लॉगिन करा, कोबॉलचा छोटा प्रोग्राम लिहा, जेसीएल या मेनफ्रेमला काम सोपवणाऱ्या भाषेतलं जॉब टाका, निकाल वाचा. मग मुद्दाम चुका करा. बंद रकान्यात टाइप करून रीसेट शोधा, कोड पेज बदलून चौकटी कंस कुठे जातात ते बघा, मॉडेल २ आणि मॉडेल ५ मध्ये तोच निकाल वाचा. ही ओळख पुढे मुलाखतीतही उपयोगी पडते आणि पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यातही.

खऱ्या, आजच्या यंत्रावर हात फिरवायचा असेल, तर आयबीएमचा झेड एक्सप्लोर हा मोफत उपक्रम आहे. त्यात बरंचसं काम व्हीएस कोड या आजच्या संपादकातून, झोवे नावाच्या मुक्त साधनाने होतं. याचा अर्थ ३२७० चा पडदा संपला असा नाही. नव्या साधनांनी काही कामं सोपी केली आहेत, पण रात्री दोन वाजता एखादं जॉब अडकलं, तर बहुतेक ठिकाणी माणूस अजून काळ्या पडद्यासमोरच बसतो.

तर निवड अशी करावी. पलीकडे डिजिटल, युनिक्स किंवा लिनक्स असेल, तर व्हीटी कुळातलं काहीही चांगलं चालतं. एएस/४०० असेल तर ५२५०, बरोजच्या वंशातलं यंत्र असेल तर टी२७ शोधा. पलीकडे आयबीएमची मेनफ्रेम आणि तुम्ही विद्यार्थी किंवा एकटे प्रोग्रामर असाल, तर एक्स३२७० घ्या आणि पैसे वाचवा. शेकडो पीसींची कचेरी असेल, तर विकतचं घ्या; पण विकत घेण्याआधी कळफलक, कोड पेज, टीएलएस, छपाई आणि जुने मॅक्रो या पाच गोष्टी तुमच्या स्वतःच्या मेनफ्रेमवर करून पाहा, विक्रेत्याच्या लॅपटॉपवर नव्हे. या पाचांत जे पास झालं, ते घ्या. बाकीच्या सोयी असल्या तर बऱ्या, नसल्या तरी काम अडत नाही.